आर्ट्स की सायन्स? खानदेशातील एका जुन्या भिंतीचा इतिहास

जून महिना आला की जळगाव-धुळ्यातील आपल्या प्रत्येक वस्तीत, शिरपूर-साक्रीच्या प्रत्येक पाड्यावर दहावी पास झालेल्या पोरापोरींना एकच प्रश्न विचारला जातो. आर्ट्स की सायन्स? उत्तर मात्र बहुतेक वेळा त्या पोराच्या आवडीवरून ठरत नाही. ते बापाच्या खिशावरून ठरते, क्लासच्या फीवरून ठरते, गावापासून कॉलेज किती लांब आहे आणि एस.टी. किती वाजता सुटते यावरून ठरते. परवडले तर सायन्स, नाही परवडले तर आर्ट्स. आणि मग आर्ट्सला गेलेल्या आपल्याच मुलाकडे आपणच 'काही जमलं नाही म्हणून गेला' अशा नजरेने पाहतो.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते की कला आणि विज्ञान यांच्यात, पुस्तकी आणि व्यावसायिक शिक्षणात कडक भिंती नसाव्यात. चर्चासत्रांमध्ये 'एकविसाव्या शतकाची कौशल्ये', 'आंतरविद्याशाखीय शिक्षण' असे भारदस्त शब्द ऐकू येतात. चित्रातून भूमिती शिकवा, नाटकातून इतिहास शिकवा, गाण्यातून विज्ञान शिकवा, असे शिक्षकांना सांगितले जाते. ऐकायला हे छानच आहे. आमचा त्याला विरोध नाही. पण आंबेडकरी माणसाने कोणतीही नवी गोष्ट स्वीकारण्याआधी तिचा इतिहास तपासायचा असतो. भिंत पाडा म्हणणाऱ्यांना आधी विचारले पाहिजे की ही भिंत बांधली कुणी? आणि तिच्या अलीकडे कोण राहिले, पलीकडे कोण गेले?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या देशात कला आणि विज्ञान यांची फारकत होण्याच्या कितीतरी आधी हात आणि डोके यांची फारकत झाली आणि ती जातीने केली. शाळेतली भिंत ही त्याच जुन्या भिंतीची नवी आवृत्ती आहे. म्हणून नुसते विषय एकत्र करून ती पडणार नाही. त्यासाठी साधने, शिक्षक आणि निवडीचा हक्क आपल्या मुलांच्या हातात यावा लागेल. हे पटवून देण्यासाठी आम्ही खानदेशातल्याच इतिहासाचा आधार घेणार आहोत.

एकाच डोंगररांगेतले दोन शिलालेख

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग आहे. या रांगेत, आजच्या कन्नड तालुक्याच्या हद्दीत, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकापासून कोरली गेली. तिथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. कण्हदास, व्यवसाय सोनार. इतर लेखांमध्ये पैठणच्या एका सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याचे नाव आहे, मगिल नावाच्या राजवैद्याचे आणि त्याच्या कुटुंबीयांचे नाव आहे. म्हणजे लेणी उभारणाऱ्यांत वैद्य आहे, अत्तरवाला आहे आणि स्वतःच्या हाताने मूर्ती घडवणारा सोनारही आहे.

या गोष्टीकडे नीट पाहू. धातू किती तापवला म्हणजे वितळतो, कोणत्या धातूत कोणता धातू मिसळतो, हे सोनाराला माहीत असते. ते विज्ञान आहे. त्याच हाताने तो दगडात यक्षाचे हसू कोरतो. ती कला आहे. आणि तो आपले नाव त्यावर घालतो, म्हणजे आपल्या हातकामाची त्याला लाज वाटत नाही आणि संघालाही वाटत नाही. तथागतांच्या संघात उपाली हा पूर्वाश्रमीचा न्हावी होता. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण त्यानेच केले. हाताने काम करणारा माणूस ज्ञानाचा अधिकारी होऊ शकतो, हे तिथे मान्य होते.

आता त्याच डोंगराच्या पायथ्याला या. चाळीसगाव तालुक्यातले पाटण, आजचे पाटणादेवी. तिथे शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. तो भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला देणग्या दिल्या, असे हा लेख सांगतो. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. त्याचा 'लीलावती' हा भाग तर सगळा श्लोकात आहे. भुंगे, हंस, कमळे, मोर यांची गणिते वृत्तात बसवलेली. कला आणि विज्ञान एकत्र शिकवण्याचे याहून चांगले उदाहरण आजच्या धोरणवाल्यांनाही देता येणार नाही. आठशे वर्षांपूर्वी, आपल्या खानदेशात!

पण त्या शिलालेखाच्या शेवटच्या ओळी वाचा. त्या संस्कृतात नाहीत, जुन्या मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावरचे राजाचे उत्पन्न मठाला दिले, असे त्या सांगतात. तेलाच्या घाण्यांमागे ठरावीक तेल मठाला द्यायचे, असेही त्या सांगतात. म्हणजे मठाच्या दिव्यात तेल कुणाचे? घाणा चालवणाऱ्याचे. मठाचा खर्च कुणावर? बाजारात माल आणणाऱ्यावर. आणि त्या तेल्याच्या, त्या माल वाहणाऱ्याच्या पोराला मठात बसून 'लीलावती' शिकता येत होती असे सांगणारी एक ओळसुद्धा त्यात नाही. असणारच नाही. शूद्र-अतिशूद्रांना विद्याबंदी सांगणाऱ्या व्यवस्थेत संस्कृत विद्येचे कुलूप त्यांच्यासाठी उघडत नव्हते. लेखाची भाषासुद्धा हेच सांगते. विद्येची स्तुती संस्कृतात आणि कराचा हिशेब मराठीत.

पाटणचा धडा आपण लक्षात ठेवला पाहिजे. कविता आणि गणित एका पोथीत आले तरी मठाचे दार बंद राहू शकते. विषय जोडले म्हणजे माणसे जोडली जातातच असे नाही.

फुल्यांचा अभ्यासक्रम

इंग्रजी राज्यात सरकारी शाळा निघाल्या, पण दार लगेच उघडले नाही. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. बाबासाहेबांनी पुढे सायमन कमिशनपुढच्या निवेदनात हा दाखला आवर्जून दिला. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, ही तेव्हाच्या सरकारची भीती होती.

त्याच काळात पुण्यात जोतीराव फुले काय करत होते? १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी जोडप्याला भट कसा लुबाडतो आणि शेवटी ते जोडपे रात्रशाळेत जायला कसे तयार होते, हे त्यात आहे. शाळेचे महत्त्व सांगायला जोतीरावांनी भाषण लिहिले नाही, नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही, हेही ओघाने आलेच.

पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे स्पष्ट मांडले. मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शाळेला नमुन्याचे शेत जोडावे असेही त्यांनी सुचवले. या यादीत भाषा आहे, विज्ञान आहे, शरीर आहे, शेत आहे, नीती आहे. आज ज्याला 'एकात्मिक अभ्यासक्रम' म्हणतात तो जोतीरावांनी त्याच्या किती आधी मांडला होता! फरक एवढाच की त्यांच्या यादीच्या मुळाशी प्रश्न होता तो कुणब्याचा, महारा-मांगाचा पोर शाळेतून बाहेर पडल्यावर कुणाकडून फसवला जाणार नाही, याचा. त्यांच्या मते हिशेब येणे आणि इतिहास कळणे ही एकाच मुक्तीची दोन साधने होती.

पण शाळा भरल्या कशा? १२ मार्च १९२७ ला मुंबई कायदे मंडळात बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात. अशा शाळेत कला काय आणि विज्ञान काय! पोर शाळेत टिकणे हाच पहिला विषय होता.

चाळीसगावचा टांगा

आता १९२९ मध्ये येऊ. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्या कामासाठी ते खानदेशात आले होते. धुळ्याकडच्या एका गावात स्पृश्यांनी अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करून परत येताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांचा आग्रह होता की त्यांनी मुक्काम करावा. स्टेशनवर बराच वेळ थांबल्यावर टांगा आला. तो थोडा पुढे जातो तोच एका मोटारीला धडकता धडकता वाचला आणि पुढे नदीवरच्या पुलाशी उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा खाली नदीत. त्यांच्या पायाला जबर दुखापत झाली.

नंतर त्यांना कळले की एकही टांगेवाला अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. महारवाड्यातल्या लोकांनी मग तोड काढली. टांगा भाड्याने घेतला, पण हाकणारा आपल्यातलाच बसवला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. बॅरिस्टर झालेला, परदेशात अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेला माणूस आणि तरी टांगेवाल्याला तो आपल्यापेक्षा हलका वाटत होता.

ही घटना आपण जातीच्या क्रौर्याची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. टांगा हाकणे हे कौशल्य होते. साधे, रोजचे, पण कौशल्य. लगाम किती ओढायचा, वळणावर वजन कुठे जाते, घोडा कधी बुजतो, हे कुणीतरी शेजारी बसवून शिकवल्याशिवाय येत नाही. आणि जात ठरवत होती की हे कौशल्य कुणाच्या हातात जाईल. महारवाड्यातल्या त्या माणसाची निष्ठा कमी नव्हती, हिंमत कमी नव्हती. त्याला कधी लगाम हातात धरू दिला गेला नव्हता. बहिष्कार म्हणजे नुसते पाणी तोडणे नव्हे. शिकण्याची जागा तोडणे हाही बहिष्कारच आहे.

म्हणूनच १९३० मध्ये या समितीने ज्या शिफारशी केल्या त्या वाचण्यासारख्या आहेत. शिष्यवृत्त्या वाढवा, वसतिगृहे काढा. आणि पुढे? अस्पृश्य मुलांना गिरण्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करता यावी म्हणून शिष्यवृत्त्या द्या. परदेशात जाऊन इंजिनिअरिंग शिकण्यासाठी शिष्यवृत्ती द्या. ज्या खानदेशात समितीच्या सदस्याला नीट टांगा मिळाला नाही, त्याच्या पोरांसाठी रेल्वेचे इंजिन आणि इंजिनिअरिंगची पदवी मागितली गेली. भुसावळच्या रेल्वेत ज्यांच्या बापजाद्यांनी नोकरी केली त्यांनी या शिफारशींकडे या नजरेने एकदा पाहावे.

१९४२ चे निवेदन, १९४६ चे कॉलेज

इथे आमचे काही मित्र एक मुद्दा काढतात. बाबासाहेब तर विज्ञानाच्या बाजूचे होते, मग कलेचे कौतुक कशाला? मुद्दा रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे.

ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी स्वच्छ म्हटले आहे की नुसते कला आणि कायद्याचे शिक्षण आपल्या समाजाच्या फार उपयोगी पडणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण पाहिजे आणि ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेर आहे. म्हणून देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी दरसाल दोन लाख आणि परदेशातल्या शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या त्यांनी मागितल्या. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर आपण 'भारत सरकार शिष्यवृत्ती'चा जो अर्ज भरतो, त्याचे मूळ तिथे आहे.

पण यानंतर चारच वर्षांनी काय झाले ते पाहा. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. कला आणि विज्ञान, दोन्ही शाखांचे. १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झालेले कॉलेज निघाले. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकू लागले होते, हेही सर्वांना माहीत आहे.

मग हा विरोधाभास आहे का? नाही. बाबासाहेब १९४२ मध्ये जे मागत होते ते आपल्याकडे नव्हते म्हणून मागत होते. विज्ञान महाग होते, प्रयोगशाळा दुसऱ्यांकडे होत्या, म्हणून आधी त्याचा पैसा मागितला. गाणे आपल्याकडे होते, जलसे आपल्याकडे होते. त्यासाठी सरकारकडे जावे लागले नाही. आणि एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना स्वतःला संस्कृत घेऊ दिले नव्हते, फारशी घ्यावी लागली होती. कोणता विषय कुणी शिकायचा हे दुसऱ्याने ठरवणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? त्यांच्या विचाराचे सूत्र आमच्या मते असे आहे : विषय कोणताही असो, त्याचे दार आपल्यासाठी उघडे पाहिजे आणि निवड आपली पाहिजे.

जोडणी कुणाच्या सोयीची?

एकात्मिक शिक्षणाचे सगळेच प्रयोग आपल्या बाजूचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम पुढे आली. हस्तव्यवसायाभोवती सगळे शिक्षण गुंफायचे आणि मुलांनी केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च भागावा, अशी कल्पना. हाताला प्रतिष्ठा देण्याचा हेतू त्यात होता हे आम्ही नाकारत नाही. पण ज्यांची पोरे पिढ्यान्‌पिढ्या हातकामच करत आली, त्यांना शाळेतही हातकामच मिळणार असेल तर त्यात नवे काय? चरखा नवा वाटतो तो ज्याने कधी हाताने काम केले नाही त्याला.

१९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी तर याचे टोक गाठले. अर्धा वेळ शाळा आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापाचा धंदा शिकायचा. पेरियार आणि द्रविड चळवळीने त्याला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण म्हटले आणि रस्त्यावर उतरून विरोध केला. १९५४ मध्ये राजाजींना जावे लागले आणि कामराज यांच्या सरकारने ती योजना गुंडाळली.

आजचे धोरण सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे पाठवावे असे सांगते. कल्पना वाईट नाही. पण चळवळीने प्रत्येक शाळेत विचारले पाहिजे की कुणाची पोरे कुणाकडे जाणार? जळगावच्या मोठ्या कॉलनीतले पोर कुंभाराकडे जाऊन मडके करील आणि फोटो काढून घरी जाईल. आपले पोर त्या दहा दिवसांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळेत जाईल का? टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत केळीचे रोप कसे वाढते ते पाहील का? भुसावळच्या लोको शेडमध्ये विजेचे इंजिन उघडलेले पाहील का? पावरा पोरीला पुन्हा बांबूच्या टोपल्याच विणायला बसवले, तर शब्द नवे आणि व्यवस्था जुनीच राहील.

हलगीचे उदाहरण घ्या. हलगी वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात. चामड्यातला ओलावा उडतो, चामडे ताणले जाते आणि आवाज चढतो. ताण वाढला की कंपनांची वारंवारता वाढते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे आणि आपल्या आज्यापणज्यांना तो हाताने माहीत होता. शाळेत हा धडा जरूर घ्या. पण हलगी गावकीची सक्ती म्हणून ज्यांच्या गळ्यात घातली गेली त्यांच्याच पोराने वर्गात ती वाजवायची आणि बाकीच्यांनी वहीत आलेख काढायचा, असे झाले तर तो धडा नव्हे, गावकीच होईल. सगळ्यांनी वाजवावे, सगळ्यांनी मोजावे. जोडणीची कसोटी हीच.

एक विहीर, चार विषय

मग करायचे कसे? धुळे जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या शाळेत करता येईल असा एक धडा आम्ही सुचवतो.

गावातल्या जुन्या विहिरीवर आठवीचा वर्ग न्या. व्यास मोजा, पाण्याची खोली मोजा. समजा व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर. त्रिज्येचा वर्ग ४, त्याला ३.१४ ने आणि खोलीने गुणले की ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. हजार वस्तीच्या गावाला रोज ५५,००० लिटर लागतात. म्हणजे झरे भरत राहिले नाहीत तर ही विहीर जेमतेम एक दिवसाची. झाले गणित.

मग विहिरीच्या कडेच्या थरांचे चित्र काढा. माती कुठपर्यंत, मुरूम कुठपर्यंत, काळा पाषाण कुठे लागतो. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी जमिनीचे हेच थर वाचून नाले खोल-रुंद केले आणि पाणी मुरवले. 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ते काम महाराष्ट्रभर गाजले. चित्रकला आणि भूगर्भशास्त्र तिथे एकाच कागदावर येतात.

शेवटी म्हाताऱ्या माणसांना विचारा की या विहिरीवर पाणी कोण भरत होते आणि कोण दूर उभे राहत होते? ते अहिराणीत सांगतील, तर अहिराणीतच लिहून घ्या. घरची भाषा 'अशुद्ध' म्हणून वर्गाबाहेर ठेवणारी शाळा मुलाचे अर्धे ज्ञान बाहेर ठेवते. आणि मग महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचा धडा वाचा. तो पाठ करायची गरज पडणार नाही. मोजमाप, चित्र, भाषा आणि इतिहास, चारही विषय एका विहिरीत सापडतील. आधुनिक कौशल्य म्हणतात ते यापेक्षा वेगळे काय असते? प्रश्न विचारणे, मोजणे, नोंद ठेवणे, चौघांसमोर मांडणे.

आपल्या भागात याचे दाखले कमी नाहीत. चाळीसगावच्याच केकी मूस यांनी टेबलावर छोटी दृश्ये रचून, प्रकाशाची दिशा ठरवून छायाचित्रे काढली. त्यात चित्रकाराची नजर होती आणि डार्करूमचे रसायनशास्त्रही. अमळनेरला डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली. ती पुढे विप्रो झाली आणि संगणकात गेली. पाटणच्या घाण्यापासून अमळनेरच्या तेलापर्यंत आणि तिथून सॉफ्टवेअरपर्यंत खानदेशाचा प्रवास झाला. या प्रवासात आपली पोरे कुठे आहेत? मूस यांना परदेशातले शिक्षण आणि स्वतःची डार्करूम मिळाली होती. आज आपल्या प्रत्येक तरुणाच्या हातात कॅमेरा आहे. साधन आले, आता शिक्षण यायला हवे.

आता कामाला लागू

मित्रहो, लेख वाचून 'जय भीम' लिहिणे सोपे आहे. आम्ही पुढची कामे सुचवतो. ती तालुक्याच्या पातळीवर करता येतात.

पहिले, शिक्षणहक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या, शंभरहून जास्त पटाच्या शाळांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत. आपल्या जिल्हा परिषद शाळेत ते आहेत का? माहितीच्या अधिकारात विचारा. कलाशिक्षकच नसेल तर कला-विज्ञानाच्या जोडणीचे परिपत्रक कागदावरच राहील.

दुसरे, आश्रमशाळेत आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे का, प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून किती वेळा उघडते, हेही विचारा. विज्ञान शाखाच नसेल तर पोराने आर्ट्स 'निवडले' असे म्हणणे खोटे आहे.

तिसरे, शासकीय रेखाकला परीक्षेतल्या श्रेणीवर आणि शास्त्रीय कला व लोककलेतल्या प्रावीण्यावर दहावीला वाढीव गुण मिळतात. वस्त्यांमधून हे सांगणारे कुणी नाही. नव्या वैज्ञानिक कल्पनेसाठी 'इन्स्पायर मानक' योजनेत निवडलेल्या शाळकरी मुलाला दहा हजार रुपये मिळतात, पण नाव शाळेने पाठवावे लागते. आपल्या मुलांची नावे पाठवली का, हे जाऊन पाहा.

चौथे, विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर काढा. आपल्यातले बहुतेक कार्यकर्ते आर्ट्सचे आहेत, समाजशास्त्र-मराठीचे आहेत. रेल्वेतल्या, आयटीआयतल्या, वीज कंपनीतल्या आपल्या माणसांना तिथे बोलवा. त्यांनी सर्किट जोडून दाखवावे, आपण इतिहास सांगावा. मुलींना पुढे बसवा, सोल्डरिंग त्यांच्या हातून करून घ्या.

पाचवे, दरवर्षी ३१ जुलैला आपण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले होते. भीमगीते होतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. येत्या ३१ जुलैला गाण्याच्या मंडपाशेजारी मुलांच्या प्रयोगांचा एक मंडप लावा. कुणी हलगीचा आवाज मोजून दाखवील, कुणी आपल्या गावच्या विहिरीचे चित्र लावील, कुणी अहिराणीतून ते समजावून सांगील. जे गायला येतील ते प्रयोग पाहतील, जे प्रयोग दाखवायला येतील ते गाणे शिकतील.

पितळखोऱ्याच्या यक्षावर कण्हदासाने आपले नाव कोरले, ते दोन हजार वर्षे टिकले. पाटणच्या घाणेवाल्याचे तेल मठात जळत राहिले, त्याचे नाव कुठेच नाही. आपल्या पोरांचे नाव कुठे लागायचे, ते कुणाच्या दिव्यात तेल घालणार, हे ठरवण्याचे काम आता धोरण लिहिणाऱ्यांवर सोडून चालणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!